जिमच्या फॉर्मवर मी सात वेळा 'नाही' लिहिलं

जिमचा फॉर्म मी दीड मिनिटात भरला होता. सात प्रश्न, सात वेळा 'नाही', खाली सही. हृदयाचा त्रास आहे का, नाही. छातीत दुखतं का, नाही. चक्कर येते का, नाही (येते, पण उपास असला की सगळ्यांनाच येते ना). सांध्याचं काही दुखणं, नाही. सध्या कुठलं औषध चालू आहे का, ह्याला पण नाही, आणि हे लिहिताना माझ्या पर्समध्ये थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली होती. खोटं लिहायचं म्हणून नव्हतं लिहिलं. थायरॉईडची गोळी मला औषध वाटतच नाही, सकाळी उठलं की ब्रश, गोळी, चहा, इतकी ती सवयीची झालीय. काउंटरवरचा पोरगा पण म्हणाला, मॅडम टिक करून टाका, सगळे असंच भरतात.

मी ४३ वर्षांची, साताऱ्यात शाहूपुरीला राहते, खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते, म्हणजे दिवसातले आठ तास खुर्चीवर. व्यायामाचं खूळ डोक्यात शिरलं ते मैत्रिणींमुळे. आमच्या चौघींचा ग्रुप आहे, त्यातल्या दोघींनी ठरवलं की आपण पण हिल मॅरेथॉन पळायची. साताऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, यवतेश्वरचा घाट चढून परत यायचं, २१ किलोमीटर, आणि त्या दिवशी सगळं गाव रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभं असतं. दरवर्षी आपण टाळ्याच वाजवायच्या का, असं एक म्हणाली आणि बाकीच्या तिघी पेटल्या.

पहिल्या रविवारी अजिंक्यताऱ्यावर गेलो. चार भिंती स्मारकाच्या अलीकडेच माझा श्वास असा फुलला की बोलता येईना. बाकीच्यांना पण दम लागला होता पण त्या बोलत होत्या, हसत होत्या, मी मात्र कठड्यावर बसून नुसती हात हलवत होते, तुम्ही व्हा पुढं. उतरताना उजवा गुडघा दुखला तो वेगळाच. घरी येऊन म्हटलं स्टॅमिना गेलाय, जिम लावली की येईल. तर असा तो फॉर्म.

पैसे भरले त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि माझी नणंद आली होती कराडहून. ती नर्स आहे, वीस वर्षं तेच काम, त्यामुळे तिचं बोलणं पण केसपेपरसारखं असतं. मी तिळगूळ देता देता उत्साहाने सांगितलं की जिम लावलीय. तर तिळगूळ हातात तसाच धरून म्हणाली,

"वहिनी, पण तुम्हाला शुगर निघाली होती ना पोरीच्या वेळी?"

"ती तेव्हा. बाळंतपण झालं की गेली."

"गेली ते कुणी बघितलं? नंतर कधी तपासली?"

पोरगी चौदा वर्षांची झाली. चौदा वर्षांत एकदाही नाही. तिने मग समजावलं की गरोदरपणात साखर वाढलेली बाई म्हणजे पुढे डायबेटिस व्हायची शक्यता जास्त असलेली बाई, बाळंतपणानंतर साखर नॉर्मल आली तरी आयुष्यभर दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहायची असते. आणि हे मला डिस्चार्जच्या वेळी सांगितलं पण असेल हो, पण तेव्हा कुशीत पोर होतं आणि झोप नव्हती, कोण ऐकतंय. जाताना म्हणाली, जिम कुठं पळून जात नाही, आधी जुन्या फायली काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

फायली म्हणजे आमच्याकडे माळ्यावर साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी आहे. घरातल्या सगळ्यांचे सगळे रिपोर्ट त्यात, सासऱ्यांचं मोतीबिंदू, नवऱ्याचा डेंगू, पोरीचे लसीचे कार्ड, सगळ्याची मिसळ. रविवारी दुपारी ती खाली काढली आणि हॉलमध्ये फरशीवर पसरून बसले. २०११ ची बाळंतपणाची फाईल सापडली, त्यात साखरेचे आकडे आणि पुढे लाल पेनने गोल केलेलं. मग गुडघ्याचा एक्स-रे सापडला. पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटरचं काम चालू होतं तेव्हा स्कूटी घसरली होती, महिनाभर गुडघ्याला पट्टा होता, तेही मी विसरलेच होते, म्हणजे आठवत होतं पण अपघात म्हणून, गुडघा म्हणून नाही. आणि एक ईसीजी होता, पाच सहा वर्षांपूर्वी छातीत धडधडतंय म्हणून काढलेला. घडी उघडली तर कागद जवळजवळ कोरा. फिकट गुलाबी चौकटी दिसतायत आणि रेघ कुठंय ते उजेडात तिरका धरून शोधावं लागतंय. तो कागद थर्मल असतो म्हणे, बसच्या तिकिटासारखा, उडून जातो. तेव्हा पाच रुपयांची झेरॉक्स काढून ठेवली असती तर आज कामाला आली असती. तुमच्याकडे असले कागद असतील तर आजच मोबाईलवर फोटो काढून ठेवा बाई.

आमचे डॉक्टरकाका सत्तरीचे आहेत, मोती चौकाजवळ दवाखाना, अजून पेशंटची नाडी हातात धरून घड्याळाकडे बघतात. मला वाटलं पाच मिनिटांत फिट आहे म्हणून लिहून देतील. पाऊण तास गेला. मॅरेथॉन म्हटल्यावर चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, चालायला जाणार असतीस तर एवढं विचारलं नसतं, जा म्हटलं असतं. पण तू आठ तास बसणारी, एकदम घाट पळणार म्हणतेस, आणि चढावर बोलता येत नव्हतं असं पण तूच सांगतेस, मग आता सगळं सांग.

सगळं म्हणजे काय हे पण त्यांनीच काढून घेतलं. वडिलांचं विचारलं. मी म्हटलं त्यांची बायपास झालीय, पण आता ठणठणीत आहेत. ठणठणीत आहेत ते बरंच आहे गं, झाली तेव्हा वय किती होतं? मी बोटांवर मोजलं, बावन्न. त्यांनी ते कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयाचं काही निघालं असेल तर ते तुझ्या खात्यात पण धरायचं, म्हणाले. पंचाहत्तरीत झालं असतं तर एवढं मनावर घेतलं नसतं. मी आयुष्यभर समजत होते की बायपास पप्पांची आहे.

मग पाळी. किती दिवस, किती जाते, गाठी पडतात का. मी म्हटलं जास्तच जाते, पण बायकांचं असतंच ना. ते काही बोलले नाहीत, माझी खालची पापणी ओढून बघितली आणि तळहात बघितले. मग औषधं. थायरॉईडची गोळी आणि शिवाय मीच मेडिकलमधून आणलेली लोहाची गोळी, अशक्तपणा वाटतो म्हणून. कधी घेतेस? सकाळी दोन्ही एकदम, चहाबरोबर, म्हणजे विसरायला नको. तर ते चक्क हसले. म्हणे दोन्ही गोळ्या फुकट घालवायचा ह्याच्यापेक्षा चांगला मार्ग नाही. लोह थायरॉईडच्या गोळीला पोटात नीट शोषू देत नाही, दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर पाहिजे, आणि चहा लोहाला शोषू देत नाही. दोन वर्षं मी दोन्ही गोळ्या शिस्तीत घेत होते हो. एक दिवस चुकवली नव्हती.

शेवटी स्टेथोस्कोप लावला. उताणं झोपवून ऐकलं, मग म्हणाले डाव्या कुशीवर वळ, श्वास सोड, धरून ठेव. परत ऐकलं. तिथं ते जरा जास्तच वेळ थांबले आणि माझ्या पोटात गोळा आला. बारीक आवाज येतोय, म्हणाले, रक्त कमी असलं तरी असा येतो, घाबरू नको, पण लहानपणी कधी सांधे सुजले होते का? ताप येऊन? मी म्हटलं नाही, काहीच नाही, मी एकदम दणकट होते. ते म्हणाले, आईला विचार. आपलं लहानपण आपल्याला कमी माहीत असतं.

रक्त लघवी ईसीजी लिहून दिलं आणि मी बाहेर आले, गाडीवर बसूनच आईला फोन लावला. आई कोरेगाव तालुक्यात गावाकडं असते.

"आई, लहानपणी माझे सांधे सुजले होते का गं?"

"सुजले व्हते म्हंजे? चौथीत व्हतीस. आधी घसा धरला, मग ताप, मग एक गुडघा सुजला, तो उतरतोय तवर दुसरा, मग मनगट. पप्पा तुला खांद्यावर घिऊन शाळंत सोडायचं. एकवीस दिसाला सुई असायची, इसरलीस व्हय?"

आणि ती म्हणाली एकवीस दिवसांची सुई तसं मला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे आजार नाही आठवला, एसटीची खिडकी आठवली, कंबरेत जाणारी जाड सुई, नंतर लंगडत बाहेर यायचं आणि गप्प बसावं म्हणून पप्पा एक कंदी पेढा द्यायचे तो पेढा आठवला. मला आत्ता आत्तापर्यंत वाटायचं की पप्पा लाडाने साताऱ्याला पेढा खायला न्यायचे. चार वर्षं ती इंजेक्शनं चालली आणि मग मी बरी दिसते म्हणून बंद केली. कुणी केली, कुणाला विचारून केली, आईला पण सांगता येईना. "तू पळत व्हतीस की, मग कशाला टोचायचं पोरीला."

डॉक्टरकाकांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, ऱ्हुमॅटिक फीवर, ती पेनिसिलिनची इंजेक्शनं. घशाच्या साध्या इन्फेक्शनमधून सुरू होतो, सांधे सुजतात आणि आपोआप बरे होतात, पण कधी कधी हृदयाच्या झडपेला धरतो आणि ते वीस तीस वर्षांनी कळतं. इंजेक्शनं असतात ती तो ताप परत परत येऊ नये आणि झडप आणखी खराब होऊ नये म्हणून. आपल्याकडं एके काळी घरोघर असायचे असे पेशंट. टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे, तोवर जिम नाही.

त्या दोन दिवसांत मी गुगल केलं नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल. रात्री दोन वाजता झडपांचे ॲनिमेशन बघत होते. नवरा म्हणाला, बंद कर तो मोबाईल, तेवढ्याने पण बीपी वाढतं.

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.६. टीएसएच ७.८, म्हणजे गोळी चालू असून थायरॉईड हाताबाहेर. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१, ती ५.७ च्या खाली पाहिजे आणि ६.५ पासून डायबेटिस धरतात, म्हणजे मी उंबऱ्यावर उभी. पण काकांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती, लोह कमी असलं की हा आकडा उगाच थोडा फुगतो, म्हणून आत्ता ह्याच्यावरून कपाळ बडवून घेऊ नको, रक्त वाढलं की तीन महिन्यांनी परत बघू. उपाशीपोटीची साखर १०८ होती, ती पण सीमेवरच.

इको काढताना बाईंनी पोटावर लावतात तसली गार जेली छातीवर लावली, परत डाव्या कुशीवर झोपवलं, आणि स्क्रीनवर माझी झडप फडफडताना दिसली. कावळ्याने चोच उघडझाप करावी तशी. डॉक्टर मापं घेत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का बघत होते, काही दिसत नव्हतं, ही माणसं पत्ते चांगले खेळत असतील. शेवटी म्हणाले मायट्रल झडप किंचित जाड झालीय, थोडीशी गळती आहे, माइल्ड, अरुंद झालेली नाही, पंपिंग उत्तम. दर एक दोन वर्षांनी इको करायचा. घसा दुखून ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लगेच दाखवायचं. आणि व्यायाम? मी घाबरत विचारलं. करायचाच, म्हणाले, पण आधी रक्त वाढवा, नऊच्या हिमोग्लोबिनवर कुणालाही घाट चढताना दम लागेल, त्याचं खापर झडपेवर फोडू नका.

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मग जिमवाल्याकडं गेले की तीन महिने पुढं ढकला, तर पैसे परत नाहीत आणि पुढं ढकलता पण येत नाही, ऑफरमधली मेंबरशिप आहे. गेले ते पैसे. भांडायचा विचार केला पण फॉर्मवर माझी सही होती, सात नाहींच्या खाली.

ते तीन महिने काही विशेष सांगण्यासारखे नाहीत. सकाळी थायरॉईड नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने, लोह दुपारी चार वाजता लिंबूपाण्याबरोबर, पोट बिघडायचं ते बिघडलं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन पाळीचं औषध चालू केलं. चालायची परवानगी होती, सपाटीवर. आता साताऱ्यात सपाट जागा शोधणं हाच एक व्यायाम आहे, पण गोडोली तळ्याला फेऱ्या मारल्या, नाहीतर शाहू स्टेडियमला. वेग किती ठेवायचा ह्याचं माप काकांनी दिलं होतं की बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. एकटीने चालताना बोलायचं कुणाशी, म्हणून मी रोज आईला फोन लावायला लागले. तिलाही बरं वाटतं. गावातली सगळी लग्नं, भांडणं आणि कुणाची म्हैस व्याली, हे मला आता पाठ आहे.

एप्रिलमध्ये हिमोग्लोबिन ११.८ झालं, एचबीए१सी ५.९. मग वडिलांची हिस्टरी बघून हृदयाच्या डॉक्टरांनी टीएमटी करायला सांगितली, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी. अंगावर वायरी चिकटवतात, दंडाला बीपीचा पट्टा, आणि दर तीन मिनिटांनी पायाखालचा पट्टा वेग पण वाढवतो आणि चढ पण. पहिला टप्पा २.७ किलोमीटर ताशी, मी मनात म्हटलं हे काय, मंडईत पण ह्याच्यापेक्षा जोरात चालते मी. दुसरा ४, ठीक. तिसऱ्याला ५.४ आणि चढ १४ टक्के, तिथं सरळ यवतेश्वरचा घाटच समोर उभा राहिला. माझ्या वयाला २२० वजा ४३ म्हणजे १७७, त्याच्या ८५ टक्के म्हणजे दीडशे ठोक्यांपर्यंत न्यायचं असतं. शेजारच्या सिस्टर आकडे मोठ्याने वाचत होत्या, एकशे अडतीस, एकशे चव्वेचाळीस, ताई चला चला, दुखतंय का छातीत, चक्कर येतीय का, आणि मी मान हलवत होते कारण तोंडातून शब्द फुटत नव्हता. साडेआठ मिनिटांनी थांबवलं. निगेटिव्ह. आयुष्यात पहिल्यांदा निगेटिव्ह ऐकून पेढे वाटावेसे वाटले.

गुडघ्यासाठी फिजिओकडे दोन वेळा गेले. तिने एका पायावर खुर्चीतून उठायला सांगितलं, डाव्याने उठले, उजव्याने उठताच येईना, गुडघा आत वळत होता. गुडघ्याचा पट्टा निघाल्यापासून सहा वर्षं मी नकळत सगळं वजन डाव्यावर टाकत होते. तिचं म्हणणं, चढताना दम लागतो पण गुडघ्याला त्रास उतरताना होतो, म्हणून आधी मांड्या मजबूत कर, मग गड. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, बीपी एकदम चढतं, तोंडाने आकडे मोजत उचलायचं म्हणजे श्वास आपोआप सुटतो.

जूनमध्ये दुसरी जिम लावली, छोटी आहे, आरसे कमी. इथं पण तसलाच फॉर्म, तेच सात प्रश्न. ह्यावेळी लिहायला जागा पुरली नाही, मागच्या बाजूला लिहिलं, गरोदरपणातली शुगर, थायरॉईड, लोह, झडप, वडील बावन्न, उजवा गुडघा, आणि सोबत इकोची झेरॉक्स. ट्रेनर मुलगी वाचत होती आणि तिचा चेहरा बदलत होता, म्हणाली मॅडम तुम्हाला नक्की करायचंय ना? मी म्हटलं दोन्ही डॉक्टरांनी कर म्हणून लिहून दिलंय, बघ तिसरा कागद.

मॅरेथॉन ह्या वर्षी नाही. मैत्रिणी दोघी पळाल्या, मी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते थोडं वाईट वाटलं. पण अजिंक्यतारा आता मंगळाईच्या देवळापर्यंत न बसता होतो. आणि मागच्या रविवारी पहिल्यांदा यवतेश्वरच्या घाटाला लागले, चालतच, कानात हेडफोन, पलीकडून आई. खालच्या वळणापर्यंत मी हो, नाही, अगं काय सांगतेस, सगळं नीट बोलत होते. मग चढ आला. आई कुणाच्या तरी वास्तुशांतीचं सांगत होती आणि माझे हुंकार हळूहळू कमी होत गेले.

"आगं बोलंना झालीस. दम लागला का?"

"लागला."

"मग बस की त्या कट्ट्यावर घटकाभर. मी हाय फोनवर."